मिरची लालमधला पिवळा

तिसऱ्यांदाही जांभळा आला नाही. वाटीत जे जमलं होतं त्याला रंग म्हणायची सोय नव्हती. भरतीचं पाणी गल्लीतून ओसरल्यावर दारात जो गाळ राहतो, तसलं काहीतरी होतं ते. चास्रियाने कुंचला वाटीच्या काठावर आपटला आणि ओले हात सारोंगला पुसले.

समोर जाड कागदावर एक वर्तुळ आखलेलं होतं आणि त्याची बारा घरं पाडलेली होती. लाल, पिवळा आणि निळा अशी तीन घरं आधी भरायची आणि उरलेली नऊ या तिघांच्याच मिश्रणातून करायची, एवढंच काम होतं. पेकालोंगान शहरातल्या त्या बाटिक कारखान्यात रंग भरणाऱ्या पाच बायका होत्या. दुपारच्या जेवणानंतर मालकीण झुल्फाने पाचही जणींना एकेक कागद दिला होता. चौघींची वर्तुळं भरत आली होती. चास्रियाचा नारिंगी झाला, हिरवाही झाला. लाल आणि निळ्याच्या मधल्या तीन घरांत मात्र तीन तऱ्हेचा गाळ भरला होता.

"बू चास, तुमचं वर्तुळ तीन ठिकाणी गंजलंय," शेजारची दारसी म्हणाली. मोठ्या बाईला तिथे बू म्हणतात.

"आधी तुझी जीभ गंजू दे," चास्रिया म्हणाली.

बायका हसल्या. चास्रिया हसली नाही. तिचं वय एक्कावन्न. त्यातली एकतीस वर्षं तिने याच छपराखाली, याच बुटक्या बाकावर बसून मेणाच्या रेघांमध्ये रंग भरण्यात घालवली होती. मोराच्या पिसाऱ्यातल्या एका डोळ्यात ती सात रंग भरायची आणि एकही रंग रेघ ओलांडून दुसऱ्यात जायचा नाही. रंग कालवायचे ते चमच्यांच्या मापाने. कोवळ्या केळीच्या पानाचा, कोलंबीच्या पाठीचा, शिळ्या चहाचा असे दोनशेच्या वर रंग तिला तोंडपाठ होते. कुठल्या बरणीतला किती चमचे, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. सांगत मात्र कोणाला नव्हती. आधीच्या मालकीणबाई हाजा मुनीरोंच्या काळात कोणी विचारतही नव्हतं. मोठी मालकीण नुसतं म्हणायची, "चास, कोलंबी कर," आणि कोलंबी व्हायची.

हाजा मुनीरो गेल्या वर्षी वारल्या आणि त्यांची मुलगी झुल्फा बांडुंगच्या कलाशाळेतलं शिक्षण आटोपून गादीवर बसली. त्यानंतर रोज्यांचा महिना संपला आणि चास्रियाला डेंग्यू झाला. तीन आठवडे ती अंथरुणावर होती. त्या तीन आठवड्यांत कारखान्यात कोणालाच कोलंबी जमली नाही. दारसीने दोनदा करून पाहिली, ती विटेसारखी झाली. गिऱ्हाइकाला थांबवून ठेवावं लागलं. चास्रिया उठून कामावर आली तेव्हा भिंतीवर हे भलंमोठं रंगांचं चाक टांगलेलं होतं.

कारण तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पण समजायचं ते ती समजली होती. एकदा सगळं चाकावर आलं की चास्रियाच्या डोक्याची गरज कोणाला उरणार होती?

झुल्फा बाकांमधून फिरत आली आणि तिच्या मागे उभी राहिली. "बू, लाल आणि निळा, दोनच तर रंग आहेत. तुमचं प्रमाण चुकतंय बहुतेक."

"प्रमाण," चास्रिया म्हणाली. "प्रमाण तू मला शिकवणार."

"तसं नाही म्हटलं मी."

"लाल घेतला. निळा घेतला. निम्मा निम्मा केला, एकास दोन केला, दोनास एक केला. आणखी काय करू? नाचून दाखवू?"

"दारसीचा बघा बरं कसा छान आलाय."

दारसीचा खरोखरच छान आला होता. वांग्यासारखा तुकतुकीत. चास्रियाने नुसती मान वळवून फळीकडे पाहिलं. तयार जांभळ्याची बरणी जागेवरून बोटभर पुढे आलेली होती आणि तिच्या झाकणावर ओल्या बोटांचे ठसे होते. तिने दारसीकडे पाहिलं. दारसी खाली मान घालून कागदावर फुंकर मारत होती. चहाडी करायचा चास्रियाचा स्वभाव नव्हता, पण त्या क्षणी ओठांवर आलेलं गिळताना तिला फार जड गेलं.

त्याच आठवड्यात समारांगच्या बू सुलास्मींचं काम आलं. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. दोन्ही घरच्या बायकांसाठी तीस कापडं हवी होती, फुलांचे गुच्छ आणि पक्षी असलेली. रंगांबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं तरी आपली माणसं ओळखू आली पाहिजेत.

झुल्फाला हुरूप आला. तिने पाचही जणींना भिंतीपाशी उभं केलं आणि चाकावर बोट फिरवत समजावलं. चाकावर जे रंग शेजारी शेजारी बसतात ते कापडावर एकत्र आले की गोडीने नांदतात, डोळ्याला गार वाटतात. जे समोरासमोर बसतात ते एकमेकांना उठाव देतात. आपल्याला उठाव हवा, म्हणून समोरासमोरचे घ्यायचे. तिचं बोट तांबूस नारिंगीवर टेकलं आणि तिथून सरळ रेघेत पलीकडे हिरवट निळ्यावर गेलं.

"बू चास, आपल्याकडे हे दोन कुठले?"

"मिरची लाल आणि पाचू निळा," चास्रिया म्हणाली. बरण्या पाहायची तिला गरज नव्हती.

"मग नमुना तुम्हीच करा. अर्धा हा, अर्धा तो."

"अर्धा अर्धा केला तर भांडतील ते."

"बू, चाकावर आहे तसं एकदा करून तरी बघा. प्रत्येक वेळी तुमचंच कशाला?"

चास्रियाने केलं. मनात चरफडत केलं, पण हात चुकवला नाही. जमीन पाचू निळी, फुलं आणि पक्षी मिरची लाल, डोळ्यांनी मोजून अर्धं अर्धं. रंग वाळले, पक्के झाले, मेण उकळून काढलं, कापड धुऊन दोरीवर टाकलं. आणि ते दोरीवर नुसतं थरथरायला लागलं. वारा नव्हता. फुलांच्या कडा डोळ्यांपुढे हलत होत्या आणि फूल कुठे संपतं, जमीन कुठे सुरू होते, ते नीट पाहताच येत नव्हतं.

बुधवारी बू सुलास्मी बघायला आल्या. त्यांनी कापड हातात धरलं, लांब केलं, पुन्हा जवळ आणलं आणि कपाळाला हात लावला.

"हे नेसून आम्ही बसलो तर जावई पळून जाईल," त्या म्हणाल्या. "माझं डोकं दुखायला लागलं."

झुल्फाचा चेहरा उतरला. "नमुना आहे नुसता," ती घाईने म्हणाली. "रंग भरताना हात जरा जड पडलाय. पुढच्या बुधवारी दुसरा दाखवते."

चास्रिया चार हातांवर बसली होती. गिऱ्हाइकापुढे ती झुल्फाला नेहमी म्बाक, म्हणजे ताई, म्हणून अहोजाहो करायची आणि त्या दिवशीही तिने तसंच केलं. "म्बाक, तुम्ही सांगितलंत तसाच भरलाय," ती म्हणाली, पण इतक्या हळू की ते फक्त दारसीला ऐकू गेलं.

बू सुलास्मींची गाडी गेल्यावर मात्र ती उठून झुल्फासमोर उभी राहिली.

"माझा हात जड?"

"बू, मला काहीतरी सांगायला हवं होतं त्यांना."

"मग चाक जड म्हणायचं होतंस. तुला कडेवर घेऊन या हाताने मी रंग भरलेत. तू रडायला लागलीस की तुझ्या बोटाला पिवळा लावून द्यायची. तेव्हा नव्हता तो जड."

"लहानपणच्या गोष्टी कशाला काढता? शेड थोडी इकडेतिकडे झाली असेल..."

"काही झालेली नाही इकडेतिकडे. तुझ्या चाकावरचा रंग आणि माझ्या कापडावरचा रंग जुळवून बघ. केसाचा फरक सापडला तर उद्यापासून मी येत नाही."

झुल्फा कापड घेऊन भिंतीपाशी गेली. तिने कापडाची कड चाकावरच्या दोन्ही घरांना लावून पाहिली. फरक नव्हता. ती ऑफिसात गेली आणि तिने दार लावून घेतलं. चास्रियाला वाटलं होतं की जिंकल्यावर बरं वाटेल. तसं काही झालं नाही. गुरुवार अबोल्यातच गेला.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. चास्रियाने आदल्या संध्याकाळी घरी येताना खिशात रंगांच्या पाच पुड्या आणल्या होत्या. विचारून आणल्या नव्हत्या, पण एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आणल्या होत्या. सकाळचं आवरून ती ओट्यावर बसली. पुढ्यात चहाच्या बश्या मांडल्या. घराची जमीन समुद्राच्या पाण्यापायी तीनदा उंच केलेली, त्यामुळे छप्पर डोक्याला लागायला आलेलं. उजेड हवा म्हणून ओट्यावरच बसावं लागायचं. नवरा दासुकी न्याहारीचा, कोवळ्या फणसाचा मेगोनो भात विकून परतला होता आणि रिकामी पातेली घासत होता. खांदा दुखावण्याआधी तोही त्याच कारखान्यात तांब्याच्या ठशाने मेण उठवायचा.

"सुट्टीच्या दिवशीही तेच?" त्याने विचारलं.

"बोलू नका. डोकं फिरलंय माझं."

तिने मिरची लाल घेतला, पाचू निळा घेतला आणि चमच्याच्या टोकाने कालवलं. गाळ. तिने बशी ओट्याखाली ओतली. दुसरी घेतली. निळा वाढवला. गाळ, जरा हिरवट. लाल वाढवला. गाळ, जरा तपकिरी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या बाईच्या हातून दोनशे रंग उतरतात तिला शाळेतल्या पोरांचा जांभळा येत नव्हता आणि ज्या पोरीने फळीवरून बरणी उचलली तिची वाहवा होत होती.

"जांभळा करतेस?" दासुकीने बशीत डोकावून विचारलं. "पण तू जांभळा गुलाबातून करतेस ना? मोठ्या मालकिणीच्या वेळी करायचीस तो. जांबू फळाचा."

"तो माझ्या चमच्यांचा हिशेब झाला. चाकाला लाल लागतो. गुलाब म्हणजे काय लाल आहे का? गुलाबी आहे तो. लाल म्हणजे मिरची."

"मला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला आणि पुन्हा पातेल्याकडे वळला. थोड्या वेळाने हातातला काथ्या थांबवून म्हणाला, "त्या वर्षी रस्ता बुडाला होता आणि माल येत नव्हता, आठवतं? मिरची संपली होती. तेव्हा तू बनवली होतीस मिरची. मालकिणीला ओळखू आली नव्हती."

"बनवली होती. दोन चमचे गुलाब आणि एक चमचा..."

ती बोलता बोलता थांबली.

"एक चमचा लिंबू पिवळा," ती सावकाश म्हणाली.

मिरचीत पिवळा होता. कोणी घातलेला दिसो न दिसो, होता. म्हणजे ती इतके दिवस लाल आणि निळा असे दोन रंग कालवतच नव्हती. ती तीन कालवत होती. आणि चाकावर पिवळ्याच्या बरोबर समोर कोण बसला होता, ते तिला आता भिंतीकडे न बघताही दिसत होतं. जांभळा. ती जांभळा करायला बसायची आणि त्याच्या वैऱ्याला आधीच बशीत घालून ठेवायची.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली आणि तिचा संताप आणखी वाढला. थरथरणाऱ्या कापडावर तिने कुठले दोन रंग भरले होते? हेच दोन. समोरासमोरचे म्हणून झुल्फाने बोट ठेवलेले, आणि तिने स्वतः नाव घेऊन सांगितलेले. भिंतीवरचं चाक सांगत होतं की हे दोघे समोरासमोर आहेत, आणि ती स्वतः त्या दोघांना एका बशीत घालून जांभळा मागत होती. समोरासमोरचे शेजारी ठेवले तर भांडतात आणि एकत्र कालवले तर एकमेकांना मारतात. हे तर ती रोज करत होती. हिरवा फार भडक झाला की त्यात गुलाबाचा थेंब सोडायची आणि तो गप्प बसायचा. हाताला सगळं माहीत होतं, फक्त लाल या शब्दाने तिला फसवलं होतं.

"कुठला लाल, ते कोणी बोललं का?" ती दासुकीवरच ओरडली. "नुसतं लाल, लाल. लाल काय एक असतो?"

"मी काही बोललो नाही बाई," दासुकी म्हणाला.

तिने स्वच्छ बशी घेतली. गुलाब आणि पाचू निळा. दोन वळसे दिले आणि जांबू फळाच्या सालीसारखा जांभळा वर आला. ती त्याच्याकडे बघत बसली, खूश होऊन नव्हे. एवढ्याशा गोष्टीसाठी गेलेला आठवडा तिला परत हवा होता.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. झुल्फा येईपर्यंत नवीन वर्तुळ भरून तयार होतं. बाराही घरं स्वच्छ होती. तिने ते मालकिणीच्या टेबलावर ठेवलं आणि वर बरण्या आणून आदळल्या, गुलाब, लिंबू, पाचू.

"हे तुझे लाल, पिवळा, निळा. आणि ही मिरची. हिला तू लाल म्हणतेस, मीही म्हणत होते. हिच्यात पिवळा आहे. बघ." तिने झुल्फासमोरच गुलाबात लिंबू मिसळला. मिरची तयार झाली.

झुल्फाने बशी उचलून उजेडात धरली. मग भिंतीवरच्या चाकाकडे पाहिलं, मग कागदाकडे. "तुम्ही कुठल्या बरणीतून घेताय ते मी बघितलंच नाही," ती म्हणाली. "बांडुंगला रंगाच्या नळीवर लिहिलेलं असायचं, मिश्रणासाठी हा घ्या. आम्ही तोच घ्यायचो."

"आणि मला म्हणालीस प्रमाण चुकतंय."

"चुकलं माझं."

चास्रियाची तयारी भांडणाची होती. एवढ्या लवकर कबुली मिळाल्यावर पुढे काय करायचं ते तिला सुचेना. झुल्फाच पुढे बोलली. "बू, तुम्ही आजारी होतात तेव्हा मी रोज संध्याकाळी तुमच्या बाकावर बसायचे. बरण्या उघडून बघायचे. माझ्या आईचा कारखाना, आणि मला एक रंग येत नव्हता. तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? चाक त्यासाठी आणलं. तुम्हाला घालवायला नाही."

"मग तसं बोलायचं होतंस. भिंतीला टांगून काय कळतं माणसाला?"

"तुम्ही बोलू देता का?"

चास्रियाने बरण्या उचलल्या आणि ती दुसरा नमुना करायला बसली. या वेळी जमिनीच्या पाचू निळ्यात तिने मिरचीचेच थोडे थेंब सोडले. निळा मेला नाही, फक्त आवाज उतरवून बसला. फुलांना त्याचे शेजारी दिले, हिरवा आणि गर्द निळा. मिरची ठेवली ती फक्त पक्ष्यांच्या छातीवर आणि फुलांच्या केसरात, दहा भागांत एक भाग. झुल्फा मागे उभी राहून बघत होती. तिने तोंड उघडलं नाही, त्याचं चास्रियाला आश्चर्य वाटलं.

बुधवारी बू सुलास्मींनी कापड हातात घेतलं आणि थेट अंगणाच्या टोकाला जाऊन झुल्फाला ते धरायला लावलं. लांबून पक्षी तेवढे चमकत होते. "हे चालेल," त्या म्हणाल्या. मग जवळ येऊन म्हणाल्या, "पण मला वाटतं गुलाबी असतं तर आणखी गोड दिसलं असतं, नाही का?"

झुल्फा आणि चास्रियाने एकमेकींकडे पाहिलं. दोघींनाही एकदम खोकला आला.

गुलाबी झालं नाही. तीस कापडं ठरल्याप्रमाणे सुरू झाली. त्यातल्या चार कापडांत दारसीने मिरचीचे थेंब अंदाजाने टाकले आणि जमीन मातकट झाली. चास्रियाने तिला फळीपाशी नेलं, तयार जांभळ्याची बरणी काढून हातात दिली आणि सांगितलं, "हिच्यावरचे ठसे कोणाचे, ते मी त्या दिवशीच पाहिलं होतं. आता बस आणि गुलाबातून करून दाखव." दारसीला सहाव्या खेपेला जमलं. चास्रिया पहिल्या पाच वेळा इतकी वैतागली की शेवटी उठून अंगणात जाऊन उभी राहिली.

चार कापडं पुन्हा करावी लागली. ती पाठवून झाल्यावर एका दुपारी झुल्फा वही घेऊन चास्रियाच्या बाकाजवळ बसली.

"बू, रंग लिहून घ्यायचेत. तुमचे सगळे."

"रोज एक सांगेन. दोन नाही."

"दोनशे दिवस लागतील."

"लागू देत. घाई असेल तर चाकाला विचार."

झुल्फाने पेन उघडलं. चास्रियाने डोळे मिटले. "पावसाळी समुद्राचा. लिही. दोन चमचे पाचू, अर्धा चमचा लिंबू, आणि चिमूटभर काळा."

"चिमूटभर म्हणजे किती?"

"चिमूटभर म्हणजे चिमूटभर."

"बू, माझी चिमूट की तुमची?"

चास्रियाने डोळे उघडले आणि तिच्या बोटांकडे पाहिलं. लांब, निमुळती, नखं वाढवलेली बोटं. "तुझी चिमूट असली तर दोनदा घाल," ती म्हणाली. "नाही, थांब. दीडदा. थांब, मलाही आता कालवूनच बघावं लागेल." आणि चमचा शोधत ती कुरकुरत उठली.